दोनशे चाळीस तासांचा कठडा

गल्लीच्या मंडळाचं अध्यक्षपद आपण मागितलं नव्हतं, असं टाइमकीपर आजही छातीला हात लावून सांगतात. त्यांच्या बायकोचं म्हणणंही तेच आहे. मागितलं नव्हतं; पहिल्या सभेच्या दिवशी बाकीचे यायच्या आत ते घरातल्या एकमेव हातांच्या खुर्चीत जाऊन बसले होते, एवढंच.

सभा होती कठड्यासाठी. वरच्या गल्लीतून खालच्या रस्त्यावर उतरायला बेचाळीस दगडी पायऱ्या आहेत आणि त्या उतरताना धरायला म्हणून काही नाही. एका बाजूला भिंत, तीही शेवाळानं हिरवीगार, बोट टेकलं तर बोटच घसरतं. दुसऱ्या बाजूला मोकळी हवा. दुकानं, वाचनालय, बस, दवाखाना, थोडक्यात जगातलं जे काही कामाचं आहे ते सगळं खाली. वर अकरा घरं आणि भरपूर वारा. गाडीचा रस्ता आहे, पण तो टेकडीला एवढा मोठा वळसा घालून जातो की रिक्षावाले नुसतं गल्लीचं नाव ऐकून दुसरीकडे बघायला लागतात.

टाइमकीपरांची थोरली बहीण त्यांच्याकडेच राहते. वय चौऱ्याहत्तर, आणि सगळी गल्ली तिला अक्का म्हणते. खालच्या रस्त्यावर तिच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचं लोकरीचं दुकान आहे. रोज दुपारी चारला अक्का खाली जायची, दुकानातल्या स्टुलावर बसायची, आणि दोघी मिळून गिऱ्हाईक सोडून बाकी सगळ्या गोष्टींकडे लक्ष द्यायच्या. सात महिन्यांपूर्वी उतरताना अक्काचा पाय सरकला. गुडघा दुखावला, तो महिन्याभरात बरा झाला. पण पायऱ्यांची जी भीती बसली ती काही जाईना. मैत्रिणीला दम्यामुळे चढवत नाही. त्यामुळे आता चारला फोन व्हायचा. मैत्रीण फोन कानाला लावून दुकानाच्या दारात यायची, अक्का वर खिडकीत उभी राहायची, आणि दोघी एकमेकींना हात हलवून बोलायच्या.

"परदेशात राहिल्यासारखं वाटतं रे," अक्का एकदा म्हणाली. टाइमकीपरांनी त्यावर वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं आणि बराच वेळ पान उलटलं नाही.

अशात नगरपालिकेची जोड-अनुदान योजना आली. योजना ऐकायला सोपी होती. मोहल्ल्यातल्या लोकांनी मंडळ स्थापन करायचं, आपल्या भागासाठी एक काम ठरवायचं, आणि लोक त्यात जेवढा वाटा उचलतील तेवढाच नगरपालिका उचलणार. वाटा पैशातच हवा असं नाही, श्रमदानही चालेल. कठड्याच्या आकाराच्या कामाला दोनशे चाळीस तासांचं श्रमदान. प्रत्यक्ष काम मंजुरीआधी सुरू करायचं नाही, पण नियोजनाच्या सभांचे तास धरले जातील. मात्र कोण कधी आलं, कधी गेलं, याची पक्की नोंद हवी.

हे शेवटचं वाक्य वाचलं तेव्हा टाइमकीपरांच्या अंगावर काटा आला. माणसाच्या आयुष्यात एखादाच क्षण असा येतो की सरकारी पुस्तिकेच्या एकोणिसाव्या पानावर त्याला आपली जन्मभराची साधना दिसते. बाटल्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं त्यांनी कामगारांच्या हजेरीची कार्डं सांभाळली होती. कारखाना बंद झाला तेव्हा लोकांनी खुर्च्या नेल्या, पंखे नेले. यांनी भंगारात जाणारं हजेरीचं घड्याळ डोक्यावरून घरी आणलं. लोखंडी, ट्रंकेएवढं, कार्ड घातलं की 'खटॅक' करून वेळ छापणारं. इतकी वर्षं ते बाहेरच्या खोलीत उभं होतं आणि बायको त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवत होती. त्या दिवशी कपडे उतरले.

सभेला येणाऱ्या प्रत्येकानं दारातच कार्ड छापायचं, जातानाही छापायचं. चहा प्यायला आत गेलात तर हरकत नाही, पण फोनवर बोलायला बाहेर गेलात तर कार्ड छापून जा. पहिल्या सभेला लोक हसले. दुसऱ्या सभेला छापखानेवाले मुद्दाम पाच मिनिटं आधी आले आणि खटॅक करून सगळ्यांकडे विजयी मुद्रेनं बघत उभे राहिले. तिसऱ्या सभेपासून गल्लीत स्पर्धाच लागली. एकटे दातांचे डॉक्टर तेवढे नेहमी उशिरा यायचे. आले की म्हणायचे, "पेशंट तोंड उघडं ठेवून बसला होता, तसाच कसा सोडू?" सभा संपायच्या आधी जायचे तेव्हाही तेच सांगायचे. गल्लीचा हिशेब असा होता की त्या एकाच पेशंटचं तोंड गेले चार महिने उघडं आहे.

वेल्डर तर निम्म्याहून जास्त सभांना यायचाच नाही. "मला बोलता येत नाही," म्हणायचा. "काम असेल तेव्हा सांगा."

आता पदांचं. मंडळाला अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार असे किमान तीन पदाधिकारी हवेत, असं पुस्तिकेत होतं. किमान या शब्दानं घात केला. टाइमकीपर अध्यक्ष झाले, छापखानेवाले चिटणीस झाले, तर गणिताच्या बाई म्हणाल्या, "माझी काही हरकत नाही. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण खजिनदार दुसरं कोणी होणार असेल तर माझी खरंच काही हरकत नाही." हे त्या इतक्या वेळा म्हणाल्या की त्यांना खजिनदार करावं लागलं. मग समोरच्या घराचं काय? कोपऱ्यावरच्या जोडप्याचं काय? तीन सभा याच विषयात गेल्या. शेवटी टाइमकीपरांनी तोडगा काढला आणि तो काढताना आपल्या मोठेपणाचा त्यांना स्वतःलाच गहिवर आला. घरं अकरा, तर पदंही अकरा. अध्यक्ष, कार्याध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सरचिटणीस, चिटणीस, सहचिटणीस, खजिनदार, सहखजिनदार, प्रमुख सल्लागार आणि संघटक. संघटक कोण, तर वेल्डर. त्याला ते कळवायचं राहून गेलं, पण कुणी दुखावलं गेलं नाही.

अक्काला त्यांनी विचारलं होतं. "तुला काय करू? आणखी एक सल्लागार?"

"मला पद नको," अक्का आतून चहा गाळता गाळता म्हणाली. "मला कठडा हवाय."

छापखानेवाल्यांनी मंडळाचे कागद स्वखर्चानं छापून आणले, एक हजार. डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत अकराही जणांची नावं पदांसकट. अक्षरं त्यांनी जरा ठसठशीत घेतली होती. त्यामुळे उजवीकडे मजकुराला जी जागा उरली तिच्यात "महोदय" हा शब्द दोन ओळींत लिहावा लागे. पण कागद देखणा होता, आणि वेल्डरचं घर सोडून प्रत्येक घरात एकेक कागद काचेखाली गेला.

चौदा सभा झाल्या. कठडा लोखंडी की लाकडी यावर दोन, रंग हिरवा की करडा यावर तीन, आणि कठडा डाव्या हाताला असावा की उजव्या यावर एक. ही शेवटची सभा उतरणारे आणि चढणारे यांचा डावा हात एकच नसतो हे गणिताच्या बाईंनी फळ्यावर दाखवेपर्यंत चालली. महिनाअखेरीस टाइमकीपरांनी कार्डांची बेरीज केली. दोनशे एकसष्ट तास चाळीस मिनिटं. त्यांनी ती तीनदा केली, तिन्ही वेळा तीच आली, आणि ते दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून नगरपालिकेत गेले.

जोड-अनुदानाची खिडकी दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. खिडकीमागे एक मध्यमवयीन बाई होत्या, डोळ्यांवर एक चष्मा आणि डोक्यावर एक. त्यांनी कार्डांचा गठ्ठा हातात घेतला, एक कार्ड उजेडात धरलं, दुसरं धरलं, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला म्हणाल्या, "अहो, हे बघा जरा. याला म्हणतात नोंद."

टाइमकीपर म्हणाले, "चौतीस वर्षांची सवय आहे." आवाज त्यांनी शक्य तितका साधा ठेवला.

"लोक काय आणून देतात माहितीये? 'आम्ही सगळे खूप बसलो.' एवढंच लिहून आणतात." बाईंनी कार्डं टेबलावर नीट आपटून सारखी केली. मग त्यांनी मंडळाचा कागद उचलला. डाव्या बाजूनं नजर खाली उतरत गेली. अर्ध्यावर आल्यावर त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून डोक्यावरचा लावला. "हे पदाधिकारी?"

"हो. अकरा."

"आणि सभासद किती?"

"अकरा."

बाईंनी पुस्तिका उघडली, तेविसावं पान काढलं आणि खिडकीतून त्यांच्यासमोर धरलं. टाइमकीपरांनी ती पुस्तिका इतक्यांदा वाचली होती की एकोणिसावं पान मोकळं होऊन हातात आलं होतं. तेविसाव्याकडे मात्र त्यांचं लक्ष गेलं नव्हतं. तिथं लिहिलं होतं की अर्ज दाखल करतेवेळी जे पदाधिकारी असतील त्यांचे तास श्रमदानात धरले जाणार नाहीत.

"मग आमचे तास किती झाले?" टाइमकीपरांनी विचारलं, जरी उत्तर त्यांना दिसत होतं.

"शून्य," बाई म्हणाल्या. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं. "शून्य तास, शून्य मिनिटं."

"आणखी सभा घेतल्या तर?"

"मागच्या महिनाअखेरपर्यंतचेच तास चालतात. पण अहो, एवढं तोंड पाडू नका. नियम नीट वाचा. 'अर्ज दाखल करतेवेळी' लिहिलंय. शुक्रवारपर्यंत मुदत आहे. आठ जणांना पदावरून उतरवा, तीन ठेवा, नवीन यादी घेऊन या."

घरी येताना टाइमकीपर बेचाळीस पायऱ्या चढले आणि प्रत्येक पायरीवर एकेक माणूस मनातल्या मनात पदावरून उतरवून पाहिला. एकही उतरेना. त्यातल्या त्यात स्वतःला तर त्यांनी उतरवूनच पाहिलं नाही. अध्यक्ष राहणार हे ठरलेलंच होतं, प्रश्न उरलेल्यांचा होता.

रात्री जेवायच्या आत सभा बोलावली. पहिला अर्धा तास सगळे नियमाला शिव्या देत होते, दुसरा अर्धा तास एकमेकांना. मग गणिताच्या बाई उठल्या, फळा ओढला आणि खडू हातात घेतला. खडू हातात आल्यावर बाईंची उंची वाढते असं गल्लीत म्हणतात.

"एकूण तास दोनशे एकसष्ट, चाळीस मिनिटं," त्या म्हणाल्या. "लागतात दोनशे चाळीस. म्हणजे जे तीन पदाधिकारी ठेवायचे, त्या तिघांचे मिळून तास एकवीस चाळीसच्या वर जाता कामा नयेत. त्यांचे तास आपल्याला सोडून द्यायचेत. समजलं?"

समजत सगळ्यांना होतं, पण समजायची इच्छा नव्हती.

"म्हणजे," बाई म्हणाल्या, "ज्यांनी कमीत कमी हजेरी लावली, ते पदाधिकारी."

सगळ्यांच्या माना एकदम दाराकडे वळल्या. नेमके त्याच वेळी दातांचे डॉक्टर आत येत होते. त्यांनी खटॅक केलं आणि म्हणाले, "माफ करा, पेशंट तोंड उघडं ठेवून..."

"डॉक्टर, बसा," टाइमकीपर थंड आवाजात म्हणाले. "अभिनंदन."

डॉक्टरांचे तास नऊ, मिनिटं वीस. वेल्डरचे अकरा तास पाच मिनिटं. आणि बाकी कोणाचेही चोवीसच्या आत नव्हते. टाइमकीपरांचे सर्वांत जास्त होते, एकेचाळीस तास दहा मिनिटं, कारण खुर्च्या मांडायला लागण्यापूर्वी ते स्वतःच्या घरात स्वतःचं कार्ड छापत आणि खुर्च्या उचलून झाल्यावरच परत छापत. ते अध्यक्ष राहिले तर त्यांच्या एकट्यापायीच सगळा अर्ज बुडत होता. बाईंनी हे फळ्यावर मांडलं आणि खाली दोन रेघा मारल्या. दोन रेघांची खरं म्हणजे गरज नव्हती.

मग जे झालं ते त्या खोलीनं पूर्वी पाहिलं नव्हतं. चार महिने जी माणसं एका मिनिटासाठी भांडली होती, ती आता आपण किती बेजबाबदार आहोत हे पुराव्यानिशी सिद्ध करायला लागली. "दुसऱ्या सभेला मी झोपलो होतो," छापखानेवाले म्हणाले. "पूर्णवेळ. कुणालाही विचारा. माझे दोन तास कमी करा, मी चिटणीस राहू शकतो." कार्याध्यक्ष म्हणाले, रंगाच्या तिन्ही सभांत आपलं लक्ष नव्हतं. खुद्द गणिताच्या बाई म्हणाल्या की नवव्या सभेला आपण नुसती छत्री न्यायला आलो होतो आणि पाऊस थांबेना म्हणून बसलो.

"छापलेला तास कमी होत नाही," टाइमकीपर म्हणाले. "कारखान्यात कुणी मेला तरी त्याचा छापलेला तास मी कमी केला नाही."

"मग तुमचं काय?" छापखानेवाल्यांनी विचारलं. "तुम्ही सोडताय अध्यक्षपद?"

टाइमकीपर हातांच्या खुर्चीत जरा मागे सरकले. म्हणाले, विचार करावा लागेल. तत्त्वाचा प्रश्न आहे. जो माणूस वेळेवर येतो त्यानं उतरायचं आणि जो येत नाही त्यानं बसायचं, असा पायंडा एकदा पडला की उद्या समाजाचं काय होईल? ते बराच वेळ बोलले. समाजाबद्दल बोलताना माणसाला स्वतःबद्दल बोलावं लागत नाही, ही मोठी सोय आहे. सभा निर्णयाविना संपली आणि जाताना सगळ्यांनी कार्डं न छापताच दार लावून घेतलं.

बायकोनं कपबशा गोळा करता करता विचारलं, "अहो, पण आपल्याला कठडाच हवा होता ना?"

"तुला नाही कळायचं," टाइमकीपर म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी फार वेळा वापरलं होतं आणि एकदाही त्याचा उपयोग झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, चार वाजून गेले तरी अक्काचा फोन ऐकू आला नाही. टाइमकीपरांनी आत पाहिलं, खिडकीत पाहिलं. अक्का नव्हती. ते चपला न घालताच बाहेर आले आणि पायऱ्यांच्या टोकाशी येऊन थबकले.

अक्का पाचव्या पायरीवर बसली होती. उतरताना बसत बसत, लहान मूल उतरतं तशी, एकेका पायरीवर टेकत ती तिथपर्यंत गेली होती. पुढं जाववेना आणि मागंही येववेना, म्हणून दोन्ही तळवे दगडावर दाबून समोर बघत बसली होती. खाली दुकानाच्या दारात तिची मैत्रीण उभी होती. हात हलवत नव्हती. नुसती मान वर करून बघत होती.

टाइमकीपर खाली उतरून तिच्या शेजारी बसले. भीती त्यांनाही वाटली. अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"पाच झाल्या," ती म्हणाली. "म्हटलं, बघावं तरी. तुमच्या त्या सभेतलं सगळं ऐकलं मी काल. होत नसेल तर होत नसेल रे. उगाच आपसांत भांडू नका. मी रोज पाच-पाच करीन."

"तू परत अशी येणार नाहीस," टाइमकीपर म्हणाले.

त्यांनी तिला हाताला धरून वर आणलं. पाच पायऱ्यांना दहा मिनिटं लागली. तिच्या कपड्यांना मागून दगडाची धूळ लागली होती, ती बायकोनं झटकली. टाइमकीपर बाहेरच्या खोलीत गेले, काचेखालचा मंडळाचा कागद काढला, उजव्या बाजूच्या चिंचोळ्या जागेत राजीनामा लिहिला आणि सहीखाली वेळ घातली. मग त्यांना खूप लाज वाटली. राजीनाम्याची नाही, एक दिवस उशीर केल्याची.

तो कागद घेऊन ते गल्लीत दारोदार गेले. कुणाला काही समजावलं नाही, नुसता कागद दाखवला. छापखानेवाले कागदाकडे आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. "तुम्ही सोडलंत?" म्हणाले, आणि पेन शोधायला आत गेले. कार्याध्यक्षांना आपण मागं राहिलो असं दिसायला नको होतं. उपाध्यक्षांना कार्याध्यक्षांच्या मागं राहायचं नव्हतं. गणिताच्या बाईंनी राजीनाम्यात एक व्याकरणाची चूक दुरुस्त केली आणि खाली सही केली. तासाभरात माणसं टाइमकीपरांच्या बाहेरच्या खोलीत जमली आणि त्यागाची अशी लाट उसळली की डॉक्टरही राजीनामा द्यायला निघाले, आणि त्यांना दोघांनी धरून परत खुर्चीत बसवावं लागलं.

"मी नालायक आहे," डॉक्टर कळवळून म्हणाले. "मी कधी वेळेवर आलो नाही."

"म्हणून तर तुम्ही हवेत," बाई म्हणाल्या.

डॉक्टर खजिनदार झाले. वेल्डर चिटणीस झाला. त्याला हे सांगायला गेले तेव्हा आपण आधी संघटक होतो हे त्याला प्रथमच कळलं. अध्यक्षपद उरलं. अध्यक्ष असा हवा होता की ज्याचे तास एक तास पंधरा मिनिटांच्या आत असतील आणि जो गल्लीत राहतो. एकेक मान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली. चौदाही सभांना चहा करणारी, सगळं ऐकणारी, जिचं कार्डच नव्हतं अशी एकच बाई गल्लीत होती.

"मी?" अक्का म्हणाली. "मला सभेतलं काही कळत नाही."

"अक्का, तुमचे तास शून्य आहेत," गणिताच्या बाई मोठ्या आदरानं म्हणाल्या. "शून्याला तोड नाही."

अक्का हातांच्या खुर्चीत बसली. टाइमकीपरांनी तिच्या पाठीशी उशी दिली, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण चार महिन्यांत प्रथमच खोलीच्या या बाजूनं ती खुर्ची बघतोय. बरी दिसत होती.

शुक्रवारी ते खिडकीशी गेले. नवीन कागद छापायला वेळ नव्हता, म्हणून जुन्या कागदावरची नावं खोडून वर अक्काचं नाव हातानं घातलं होतं. खिडकीतल्या बाईंनी ती खाडाखोड वरून खालपर्यंत वाचली. "अध्यक्षांचे तास?"

"शून्य."

"खजिनदार नऊ वीस, चिटणीस अकरा पाच. उरले..." त्यांनी बोटांवर मोजलं. "दोनशे एकेचाळीस, पंधरा." त्यांनी शिक्का उचलला, शाईत दाबला आणि हात वरच थांबवला. "तुमचे स्वतःचे एकेचाळीस दहा दिसतायत यात. सगळ्यात जास्त."

"आता साधा सभासद आहे मी."

"तुमच्याशिवाय जमलंच नसतं की हे," बाई म्हणाल्या आणि शिक्का मारला. टाइमकीपर जिना उतरताना दोनदा थांबले. अध्यक्ष असताना त्यांना हे कुणी म्हटलं नव्हतं.

मंजुरी आली, नगरपालिकेचे नळ्यांचे गठ्ठे आले, आणि वेल्डर आला. पदाधिकाऱ्याला मजुरी घेता येत नाही, असं एकतिसाव्या पानावर निघालं. टाइमकीपरांनी हे त्याला फार चाचरत सांगितलं. "बरं," वेल्डर म्हणाला आणि काच डोळ्यांवर ओढून घेतली. चार रविवार तो त्या पायऱ्यांवर होता. बाकीचे दहा जण नळ्या धरायला, पाणी द्यायला आणि सल्ला द्यायला उभे असायचे. सल्ल्याच्या वेळी तो ठिणग्या उडवायचा. उंचीचा प्रश्न आला तेव्हा त्यानं पुस्तिकाही मागितली नाही. अक्काला वरच्या पायरीवर उभं केलं, तिचा हात सैल सोडायला लावला, मग जरासा वर उचलायला लावला, आणि तिच्या तळव्याखाली खडूनं खूण केली. "चालतंय ना नियमात?" त्यानं विचारलं. टाइमकीपरांनी मोजलं. नियमात बसत होतं. बसलं नसतं तर त्यांनी काय केलं असतं, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

उद्घाटन रविवारी सकाळी दहाला ठरलं. पायऱ्यांच्या टोकाला लाल फीत बांधली होती. छापखानेवाल्यांनी कार्यक्रमपत्रिका छापली होती, तिच्यात माजी पदाधिकारी म्हणून नऊ नावं ठसठशीत होती. डॉक्टरांनी दवाखान्यातली उत्तम कात्री आणायचं कबूल केलं होतं, म्हणजे ती अजून आली नव्हती. दहा वाजले. अध्यक्षांना आणायला टाइमकीपर घरात गेले आणि तसेच परत आले. अक्का घरात नव्हती.

ते फितीखालून वाकून खाली बघायला धावले. कठड्यावर एक हात ठेवून, दुसऱ्या हातात लोकरीचे दोन गुंडे घेऊन अक्का वर येत होती. विसाव्या पायरीवर होती. एकेक पायरी, पण न थांबता. ती फितीपाशी आली, फितीकडे पाहिलं, सगळ्यांच्या धुतलेल्या कपड्यांकडे पाहिलं.

"पहाटेच गेले होते," ती म्हणाली. "कुणी बघायला नको म्हणून. पडले असते तर तुमचं उद्घाटन बिघडलं असतं."

टाइमकीपरांना बोलायला काही सुचेना, म्हणून सवयीचंच सुचलं. त्यांनी मनगट वर केलं. "किती वेळ लागला तुला?"

"ते तू लिहायचं नाहीस," अक्का म्हणाली. "हे तास माझे आहेत."

तिनं लोकर त्यांच्या हातात कोंबली, वळली, कठडा धरला आणि परत उतरायला लागली. टाइमकीपरांना आपण रडतोय की हसतोय ते कळेना. ते लोकर सांभाळत तिच्या मागं निघाले. त्यांच्या मागं फितीखालून वाकून त्यांची बायको निघाली, मग गणिताच्या बाई, मग छापखानेवाले पत्रिकांचा गठ्ठा काखेत मारून, आणि मग सगळी गल्लीच, एकामागून एक, प्रत्येकाचा हात त्या कठड्यावर. कोण आधी, कोण नंतर, याच्यावरून कुणी भांडलं नाही. वेल्डर सगळ्यात शेवटी होता आणि जोड तपासत येत होता.

लोकरीच्या दुकानात अकरा घरांची माणसं मावणार नव्हती, ती रस्त्यावर सांडली. मैत्रिणीनं स्टूल बाहेर आणलं आणि अक्काला त्यावर बसवलं. शेजारच्या हॉटेलातून चहा सांगितला. साडेदहा वाजता डॉक्टर वर पोचले. खालून सगळ्यांना ते दिसले, हातात लखलखती कात्री, समोर न कापलेली फीत, आणि आजूबाजूला कुणीही नाही. ते इकडे तिकडे बघत उभे होते. मंडळाच्या अध्यक्षा स्टुलावरून अर्धवट उठल्या आणि तोंडाशी दोन्ही हात धरले.

"डॉक्टर, ती फीत सोडा आणि कठडा धरून खाली या," अक्कानं हाक मारली. "चहा निवतोय."